पैसे वाचणं आणि पैसे वसूल होणं: हार्ट अटॅकनंतरच्या घरबसल्या देखरेखीचा हिशोब

हार्ट अटॅकनंतर पेशंट घरी आला की त्याच्यावर लांबून लक्ष ठेवायचं, अशा योजनांबद्दल बोलताना लोक "खर्च वाचतो" आणि "कॉस्ट इफेक्टिव्ह आहे" हे दोन्ही एकाच अर्थाने वापरतात. पण ते एक नाहीच, आणि या गोंधळात चांगली सोय उगाच नाकारली जाते म्हणून लिहितोय.

खर्च वाचला म्हणजे शेवटी आधीपेक्षा कमी पैसे गेले, बस. कॉस्ट इफेक्टिव्ह म्हणजे पैसे कदाचित जास्तच गेले, पण त्यात पेशंटला जे मिळालं ते त्या किमतीला परवडतं. अटॅक आल्याआल्या केलेली अँजिओप्लास्टीच घ्या ना, गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनपेक्षा ती सुरुवातीला महाग पडते, तरी वेळेत होणार असेल तर डॉक्टर तीच करा म्हणतात.

आता लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या टीमची टेली-एसीएस नावाची ट्रायल, म्हणजे पेशंटवर केलेली चाचणी बघा, २०२४ मध्ये छापून आली. पेशंट ३३७, त्यातल्या साधारण निम्म्यांना घरी जाताना किट दिलं, छातीला बांधायचा १२ लीडचा (हृदयाची नोंद १२ कोनांतून घेणारा) ईसीजी पट्टा, बीपी मशीन आणि ऑक्सिमीटर. त्रास वाटला की घरीच ईसीजी काढून पाठवायचा, तिकडे कार्डिओलॉजिस्ट बघून सांगणार की घरीच थांबा का इमर्जन्सीला या. ६ महिन्यांत पुन्हा ॲडमिट व्हायचा धोका ७६ टक्क्यांनी कमी निघाला, इमर्जन्सीच्या चकरा ४१ टक्क्यांनी कमी. हे वाचून लगेच वाटतं की पैसे वाचलेच! पण थांबा, रिकामा राहिलेला बेड दुसऱ्या पेशंटला जातो, नर्सचा पगार तोच, वीजबिल तेच, म्हणजे कागदावर वाचलेला सगळा पैसा तिजोरीत परत येत नाही. बेड दुसऱ्याला मिळाला हा फायदा मोठाच आहे, फक्त ती रोख बचत नव्हे.

दुसरा हिशोब क्वालीचा. १ क्वाली म्हणजे पूर्ण तब्येतीत जगलेलं १ वर्ष. कोणते उपचार सरकारी खर्चाने द्यायचे ते सांगणारी ब्रिटनची नाईस ही संस्था २०२५ पर्यंत वर्षानुवर्षं १ क्वालीमागे २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा जादा खर्च साधारण मान्य करत होती. समजा किट आणि डॉक्टरचा वेळ धरून माणशी ४०० पौंड जास्त गेले आणि पेशंटला ०.०२ क्वाली मिळाली, म्हणजे जेमतेम आठवडाभराचं निरोगी आयुष्य, तर भागाकार १ क्वालीमागे २०,००० पौंड येतो, म्हणजे नाईसच्या मर्यादेत. बचत शून्य, उलट खर्च वाढला, तरीही सोय घेण्यासारखी! आणि क्वाली काढायला जी प्रश्नावली सहसा वापरतात तिच्यात चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं यांच्या जोडीला चिंताही विचारतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण अटॅक येऊन गेलेल्या माणसाला रात्री छातीत जरा चमक आली की सगळं घर जागं होतं, आणि ती भीती हॉस्पिटलच्या बिलात कुठेच दिसत नाही.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे. ब्रिटनमध्ये किट आणि बेड दोन्हीचा पैसा एनएचएसचाच, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा. इथे ॲडमिट झालात तर बिल बरेचदा मेडिक्लेम किंवा सरकारी योजना भरते, घरच्या मशीनचे पैसे मात्र बहुतेक वेळा घरच्यांच्याच खिशातून जातात, म्हणजे बचत एकाची आणि खर्च दुसऱ्याचा. त्यामुळे कोणी पॅकेज विकायला आलं तर "किती वाचतील" याच्या आधी विचारा की ईसीजी पाठवल्यावर रात्री २ वाजता तो बघणार कोण. ट्रायलमध्ये पट्ट्याच्या पलीकडे कार्डिओलॉजिस्ट होता, नुसतं स्मार्टवॉच आणि ऑक्सिमीटर घेऊन ते आकडे मिळणार नाहीत. आणि छातीत जोरात दुखतंय, घाम फुटलाय, तर पट्टा-बिट्टा शोधत बसू नका, सरळ १०८ लावा.