पंचांनी दिलेला आउट मॅच रेफरी बदलू शकतो का?

नाही. सांगलीत लेदर बॉलच्या मॅचला पंच म्हणून उभा राहायला लागल्यापासून हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की उत्तर आधीच देऊन टाकतो.

परवा एका पोराला पायचीत दिलं. ओव्हर संपते न संपते तोच त्याचे वडील बाउंड्रीपाशी आले. "सर, ह्याच्यावर रेफरीकडे दाद मागता येते का?" त्यांचा गोंधळ कुठून आला ते मला कळलं. आपल्याकडचा माणूस कबड्डी, खो-खो बघत वाढलेला. तिथे दोन पंचांच्या वर सरपंच असतो, त्यालाच इंग्रजीत रेफरी म्हणतात, आणि पंचांचं एकमत झालं नाही तर त्याचा शब्द शेवटचा. क्रिकेटचा मॅच रेफरी हा असा सरपंच नव्हे.

चेंडूचा निकाल पंचांचाच. ओव्हरचे चेंडू मोजायला माझ्या कोटाच्या खिशात कृष्णेच्या घाटावरून वेचलेले सहा खडे असतात. चेंडू पडला की एक या हातातून त्या हातात. त्या सहा चेंडूंत वाइड, नो-बॉल, झेल, पायचीत, सगळं आमच्याकडे. अपील झालं नाही तर आउट देता येत नाही. निर्णय चुकलासं वाटलं तर पंच स्वतः तो बदलू शकतो, पण लगेच. टीव्हीवर डीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंनी रिप्ले बघून फेरविचार मागितल्यावर, निर्णय फिरतो तेव्हाही तो टीव्हीसमोर बसलेला तिसरा पंच फिरवतो, रेफरी नव्हे.

रेफरीचं काम माणसांच्या वागण्याचं. तो मैदानाबाहेर बसतो. टॉस त्याच्या देखरेखीखाली होतो, ओव्हर वेळेत पडल्या का ते तो पाहतो, खेळपट्टीवर अहवाल देतो. खेळाडूने पंचांशी हुज्जत घातली तर पंच तक्रार करतात आणि शिक्षा रेफरी ठरवतो; पहिल्या पातळीच्या गुन्ह्याला मॅच फीच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड. आयसीसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट चालवणाऱ्या संस्थेने, हे पद 1991 मध्ये आणलं, भारताच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात. म्हणजे विजय हजारे, सांगलीत जन्मलेले आपले कर्णधार, खेळत होते तेव्हा मॅच रेफरी नव्हताच.

खेळाडू दोन्हीकडे जातात, त्यामुळेही घोळ होतो. भारताचे फिरकी गोलंदाज वेंकटराघवन 57 कसोटी खेळले, मग 73 कसोटींत पंच म्हणून उभे राहिले, आणि काही सामन्यांत मॅच रेफरीही होते. भारताचे वेगवान गोलंदाज राहिलेले जवागल श्रीनाथ मात्र 2006 पासून रेफरी आहेत. त्यांना आउटसाठी बोट वर करताना कुणी पाहिलेलं नाही. शिकवताना मी पोरांना ही दोन नावं देतो, फरक चटकन डोक्यात बसतो.

आमच्या स्पर्धेत रेफरी नसतोच. त्या पोराने परतताना स्टंपवर बॅट आपटली होती, ते मी आयोजकांना लिहून दिलं. पुढच्या मॅचला त्याला बसवायचं की समज द्यायची, ते त्यांनी ठरवावं. स्कोअरबुकात पायचीत ते पायचीतच.