कोल्हापुरी माल आणि त्याच्या जाहिरातीतले शब्द

कोल्हापूरची चप्पल, गूळ, साज, मसाला, यांतलं एकही दुसऱ्या गावाच्या मालासारखं नाही. पण पाटी वाचा, पाकीट वाचा नाहीतर मोबाइलवरची पोस्ट वाचा, शब्द सगळीकडे तेच : अस्सल, शुद्ध, दर्जेदार, माफक दर. जाहिरात करायची ठरली की फोटोवाल्याला पैसे मिळतात, डिझाइनवाल्याला मिळतात, जागेचं भाडं तर द्यावंच लागतं. मजकुराचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, 'टाका की काहीतरी चांगलं.' चित्रामुळे नजर थांबते, हे खरं. पण घ्यायचं का, इथूनच का, एवढे पैसे का, या प्रश्नांची उत्तरं शब्दच देतात. आणि ही गोष्ट कोल्हापूरला बाहेरून येऊन कुणी शिकवावी अशी स्थिती कधीच नव्हती.

छापखान्याआधी दवंडी होती. चौकात उभं राहायचं, हलगी वाजवायची आणि दोन-तीन वाक्यांत काय, कुठे, कधी ते सांगायचं. ऐकणारा आपल्या कामाला निघालेला, त्यामुळे पाल्हाळाला जागाच नाही. कुस्तीच्या हस्तपत्रकात हीच शिस्त उतरली. सगळ्यात वर 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान'. बरोबरीत सोडवून बोळवण होणार नाही, हे आश्वासन पहिल्याच ओळीत. त्याखाली एक नंबरची जोड, दोन्ही मल्लांची नावं, नावाखाली तालीम : मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी. मग इनाम, मग दोन नंबर, तीन नंबरच्या कुस्त्या आणि तळाला ठिकाण, वार, वेळ. 'जंगी' सोडला तर कौतुकाचा शब्द शोधून सापडत नाही. तालमीचं नाव आणि इनामाचा आकडा वाचून शौकीन माणूस खासबागेच्या कुस्ती मैदानात जायचं की नाही ते जागच्या जागी ठरवतो. जाहिरातीचा मजकूर कसा असावा हे शिकायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

अर्थात छापील मजकुराला वाचणारे लागतात. १८३२ मध्ये मुंबईत 'दर्पण' निघालं, १८८१ मध्ये पुण्यात 'केसरी' सुरू झाला, पण अक्षरओळख असलेला वर्ग लहानच होता. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या शाळांतली मुलं मोठी झाली तेव्हा वर्तमानपत्राची वाचक झाली आणि बाजारातली गिऱ्हाइकंही. जाहिरातीचा इतिहास लिहिणारे हा कायदा मोजत नाहीत. माझ्या मते तो मोजायलाच हवा.

त्याच सुमारास मराठी माणसाने लिहिलेली एक जाहिरात आजही अभ्यासावी अशी आहे. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' घेऊन सुरतेला गेले. पहिला गल्ला अगदीच किरकोळ. तिथला चित्रगृहवाला म्हणाला, इथे लोक दोन आण्यांत सहा तास नाटक बघतात, तुमचा खेळ दीड तासाचा आणि तिकीट तीन आणे, कसं जमायचं? फाळक्यांनी दर उतरवला नाही, चित्रपटही बदलला नाही. जाहिरात बदलली : सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, सगळं फक्त तीन आण्यांत. गर्दी झाली. गिऱ्हाईक खेळाची लांबी मोजतंय हे त्यांनी ओळखलं आणि त्याच्याच मापात, पण आकड्याने, उत्तर दिलं. चित्रपट सुमारे ३७०० फुटांचा होता. फुटाला १६ चित्रं धरली तर सत्तावन्न हजारांचा हिशोब जवळपास जुळतो. दोन मैल मात्र चांगलेच ताणलेले आहेत, कारण दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फुटांहून जास्त. एकाच जाहिरातीत एक खरा आकडा आणि एक फुगवलेला. पुढे या धंद्यात जो वाद शंभर वर्षं चालला, तो सगळा त्या दोन आकड्यांत आहे.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि चित्रपटाची जाहिरात आपल्या कुंचल्याने केली. त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वात जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी मानलं जातं. तिथे चित्र पुढे आणि शब्द मागे. नाटकांचे पडदे रंगवत वाढलेल्या माणसाकडून तेच अपेक्षित होतं, आणि गावातल्या कितीतरी पेंटरांनी त्यांचाच वारसा बोर्डांवर चालवला.

शब्दांचं काम शेजारच्या किर्लोस्करवाडीत झालं. १९१० मध्ये औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ते गाव वसवलं. त्यांचा लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. आता अशा माणसाला 'दर्जेदार नांगर' म्हणून काय उपयोग? त्याच्या मनातल्या भीतीला उत्तर हवं. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं ते कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ते इतकं वाढलं की पुढे महाराष्ट्रातलं एक महत्त्वाचं मासिक झालं. माल विकायला निघालेल्या मजकुरातून वाचक घडले, असं आपल्याकडे तरी दुसरीकडे क्वचितच झालं असेल.

अमेरिकेत याच काळात मजकूर हे स्वतंत्र काम झालं. १९०४ मध्ये शिकागोच्या लॉर्ड अँड थॉमस या संस्थेत जॉन केनेडी नावाच्या गृहस्थाने तिथल्याच अल्बर्ट लास्करला सांगितलं की जाहिरात म्हणजे छापील रूपातला विक्रेता. दुकानातला माणूस समोरच्याशी जे बोलेल तेच कागदावर यावं. जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या क्लॉड हॉपकिन्सने ते मोजायला घेतलं. जाहिरातीत कूपन छापायचं, प्रत्येक मजकुराच्या कुपनावर वेगळी खूण ठेवायची आणि कुठली कुपनं जास्त परत येतात ते बघायचं. जागा तेवढीच, खर्च तेवढाच, फक्त शीर्षक बदललं की प्रतिसाद बदलतो, हे आता पुराव्याने सांगता यायला लागलं. मजकुराचं महत्त्व तिथून व्यापाऱ्याच्या वहीत आलं.

हॉपकिन्सचा श्लिट्झ बिअरचा किस्सा मला फार मोलाचा वाटतो. सगळ्या कंपन्या 'शुद्ध' म्हणत होत्या, शब्द मोठा करून छापत होत्या. हा गृहस्थ कारखान्यात गेला. बाटल्या वाफेने कशा धुतात, पाणी किती खोल विहिरीतून येतं, सगळं पाहिलं आणि विचारलं, हे सांगत का नाही? उत्तर आलं, हे तर सगळेच करतात. त्याने तेच लिहिलं आणि बिअर खपली. करत सगळे होते, सांगितलं एकाने.

फुगवलेल्या आकड्याचा बंदोबस्त कोर्टांनी आणि कायद्यांनी केला. लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने जाहिरात दिली होती : आमचं औषध वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, त्यासाठी बँकेत १००० पौंड ठेवलेत. कार्लिल नावाच्या बाईंना वापरूनही आजार झाला. कंपनी म्हणाली, ती नुसती जाहिरात होती. अपील कोर्टाने डिसेंबर १८९२ मध्ये पैसे द्यायला लावले. आपल्याकडे चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने लगाम घातला, जाहिरातदारांची स्वतःची मानक परिषद १९८५ मध्ये आली, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. मसाल्याच्या पाकिटावर 'शंभर टक्के' लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

दूरदर्शनच्या काळात सर्फ या धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत ललिताजी आल्या. स्वस्त पावडरींनी बाजार काबीज केला असताना महाग सर्फ का घ्यावी, याचा हिशोब त्यांनी मांडला : अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीच्या बरोबरीची. तोही सगळा मजकुराचाच जोर.

कोल्हापूरच्या पाट्यांवर मात्र काळाच्या ओघात विशेषणं उरली. 'आमची कोठेही शाखा नाही' ही ओळ पहिल्यांदा लिहिणाऱ्याने मोठं काम केलं होतं. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, चव एकाच भट्टीची, हे त्यात न सांगता आलं. शेकडो पाट्यांवर चढल्यावर तिच्यातलं बळ गेलं. 'जगात भारी, कोल्हापुरी' हीसुद्धा गावाच्या अभिमानाची ओळ आहे, मलाही ती प्रिय आहे, पण तिने एकही वस्तू दुसरीपासून वेगळी काढता येत नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल आणली आणि वर्णनात कोल्हापूरचा उल्लेखच नव्हता, नुसती चामड्याची सँडल. इथून ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय परंपरेचं ऋण मान्य केलं. राग योग्यच होता. चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण कोल्हापुरातल्या पापाच्या तिकटीवरच्या चपलांच्या दुकानांच्या ऑनलाइन पानांवर तरी आपण काय लिहितो? 'अस्सल कोल्हापुरी, उत्तम क्वालिटी.' त्याऐवजी असं लिहून बघा : 'बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं. खिळा एकही नाही, शिलाई कातडी वादीची. पहिले काही दिवस चावेल, तेल लावा, मग पायाचा आकार घेईल.' चावण्याचं सांगू नका असं दुकानदार म्हणेल. पण तेवढं एक खरं बोलल्यामुळेच बाकीच्या वाक्यांवर पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक विश्वास ठेवेल, आणि चप्पल परत पाठवणार नाही. मोबाइलवर तर पहिली एखादी ओळच दिसते. ती 'नमस्कार, आम्ही घेऊन आलो आहोत' यात घालवायची नाही.

गुळाचं काम अजून तसंच पडून आहे. २०१४ पासून कोल्हापुरी गुळालाही मानांकन आहे. गुऱ्हाळावर जा. चुलवाणावर काहील उकळतेय, रस निवळायला रानभेंडीचा चीक घातलाय, मळी काढली जातेय, आणि पाक कधी उतरवायचा ते गुळव्या थेंब पाण्यात टाकून, बोटांत धरून ठरवतो. काहील उतरवायला थोडा उशीर झाला तरी गुळाचा रंग आणि कणी बिघडते. पाकिटावर यातलं अक्षरही येत नाही, कारण ज्याला पाकिटाचा मजकूर लिहायचा असतो तो गुऱ्हाळावर जात नाही आणि गुळव्याला कुणी विचारत नाही. हंगाम सुरू झाला की एक दिवस काढून कागळ, करवीर, पन्हाळा कुठेही जावं, काहिलीशेजारी उभं राहून त्याला बोलतं करावं आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावं.