सालीवरचे मेण आणि राखेचे पाणी: फळे लवकर वाळवण्याच्या पूर्वप्रक्रियेची पार्श्वभूमी

पिकलेल्या द्राक्षावरून अंगठा फिरवला की पांढुरकी लव पुसली जाते आणि खालची साल चकचकीत दिसू लागते. ही लव म्हणजे मेणाचा थर असून वेलीवर असताना तो फळातले पाणी राखतो. वाळवताना मात्र तोच आड येतो. द्राक्षातले सुमारे ८० टक्के पाणी बेदाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास आणायचे असते आणि ते जवळपास सगळे या थरातूनच बाहेर पडावे लागते. त्यामुळे काहीही प्रक्रिया न केलेली द्राक्षे उन्हात वाळायला दोन-तीन आठवडे घेतात, आणि तेवढ्या काळात पाऊस, बुरशी व कीटक या सगळ्यांना संधी मिळते.

यावरचा उपाय फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन शेतीलेखक कोलुमेला याने सांगितलेली रीत अशी: द्राक्षवेलीच्या काड्यांची राख पाण्यात मुरवून तयार केलेले क्षारयुक्त पाणी मोठ्या भांड्यात उकळावे, त्यात थोडेसे उत्तम तेल घालून ढवळावे, दोन-तीन घड एकत्र बांधून त्यात बुडवावेत आणि रंग पालटताच, शिजू न देता, बाहेर काढावेत. लाकडाच्या राखेतला मुख्य विद्राव्य क्षार पोटॅशियम कार्बोनेट हा असल्याने, क्षार आणि तेल ही पुढे दोन हजार वर्षे टिकलेली जोडी या कृतीत आधीच दिसते. स्पेनमधील देनिया परिसरात एकोणिसाव्या शतकात निर्यातीचा बेदाणा अशाच उकळत्या क्षारात घड बुडवून तयार होत असे.

औद्योगिक कॉस्टिक सोडा स्वस्त झाल्यावर राखेची गरज उरली नाही. कॅलिफोर्नियात प्लम आणि द्राक्षे त्याच्या गरम, सौम्य द्रावणात काही सेकंद बुडवली जात. त्याने मेण निघे आणि सालीला बारीक तडे जात. पण बुडवणे थोडे लांबले तरी साल फाटून रस गळत असे आणि फळ चिकट होई, म्हणून हे काम सरावलेल्या हातांचेच राहिले. गंधकाची धुरी याच मालिकेत मोजली जाते, पण तिचा मुख्य हेतू रंग टिकवणे हा आहे, वेग वाढवणे नव्हे. ही गल्लत अजूनही होते.

खरा बदल थंड द्रावणाने झाला. पूर्व भूमध्यसागरी भागात पोटॅशियम कार्बोनेट आणि ऑलिव्ह तेलाच्या न उकळलेल्या मिश्रणाचा वापर रूढ होता आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियाच्या बेदाणा उत्पादकांनी तो उचलला. पुढे साध्या तेलाऐवजी मेदाम्लांच्या (तेलातल्या आम्लांच्या) इथाइल एस्टर नावाच्या संयुगांपासून बनवलेले, बुडवण्याच्या द्रावणात घालायचे ‘डिपिंग ऑइल’ आले. १९७० मध्ये पाँटिंग आणि मॅकबीन या संशोधकांनी द्राक्षे, प्लम व इतर मेणाळ फळांवरील प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात इथाइल ओलिएट हे अशाच एस्टरांपैकी एक विशेष परिणामकारक ठरले.

थंड द्रावणाने फळ लवकर का वाळते, हे समजायला वेळ लागला. द्राक्षाचे मेण एकावर एक चढलेल्या सूक्ष्म पापुद्र्यांसारखे असते आणि त्यांच्यातून पाणी मुख्यतः वाफेच्या रूपानेच निसटते. थंड द्रावण मेण काढून टाकत नाही, साल फाडतही नाही. पापुद्र्यांमध्ये शिरून ते त्यांचा पाणी अडवण्याचा गुण कमी करते. म्हणूनच द्रावण धुऊन काढले तर फळ पुन्हा पूर्वीसारखे संथ वाळू लागते, आणि अर्धवट वाळलेल्या मालावर पाऊस पडल्यास उत्पादकांना तेच द्रावण पुन्हा फवारावे लागते.

कापलेल्या फळात सालीची ही अडचण नसते. तिथे वाफ किंवा गरम पाणी देऊन पेशींची आवरणे सैल करणे, अथवा दाट साखरपाकात ठेवून वाळवण्याआधीच काही पाणी ओढून घेणे, असे वेगळे मार्ग निघाले.

द्राक्षांच्या बाबतीत मात्र शेवटी भांडेच गेले. ऑस्ट्रेलियात वेलीच्या फळधारी काड्या कापून घड तिथेच लटकते ठेवतात आणि त्यांच्यावर थंड द्रावण फवारतात. बुडवणे, काढणे, पसरणे ही कामे उरत नाहीत आणि द्राक्ष वेलीच्या मांडवावरच वाळते.