कंबरदुखी, विश्रांती आणि अंगमेहनत: बेळगाव सीमाभागातील एका प्रश्नाची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) साचे उचलणारा कामगार असो, बेळगावच्या बाजार समितीतील हमाल असो किंवा अथणी-रायबागच्या फडात उसाच्या मोळ्या वाहणारा तोडणी मजूर असो, कंबर धरली की त्याला घरातून, शेजारातून आणि पुष्कळदा दवाखान्यातूनही एकच सल्ला मिळतो: पडून राहा, जड काही उचलू नकोस. हा सल्ला दीडशेहून अधिक वर्षे जुना आहे आणि गेल्या चाळीस वर्षांत वैद्यकशास्त्राने तो जवळजवळ पूर्णपणे मागे घेतला आहे. तरीही तो सीमाभागात टिकून आहे. त्याचे कारण डॉक्टरांच्या जुन्या सवयीइतकेच येथील मजुरीच्या पद्धतीत आणि कायद्यांच्या रचनेतही शोधावे लागते.

अंगमेहनतीने पाठ आणि कंबर दुखावते, हे इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 मध्येच कामगारांच्या आजारांवरील ग्रंथात नोंदवले होते. विश्रांतीला उपचाराचे स्थान मात्र एकोणिसाव्या शतकात मिळाले. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांनी 1860 च्या दशकाच्या आरंभी दिलेल्या व्याख्यानांनी, दुखऱ्या भागाला विश्रांती दिली की निसर्ग बाकीचे काम करतो, हा विचार रूढ केला. पुढे 1934 मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी मणक्यांमधील गादी सरकून नस दाबली जाते, असे शस्त्रक्रियेच्या आधारे दाखवले. काही रुग्णांसाठी तो शोध मोलाचा ठरला, परंतु त्यानंतर बहुतेक प्रत्येक कंबरदुखीचे कारण गादीतच शोधण्याची प्रथा पडली. ‘गादी सरकली’ किंवा ‘मणक्यात गॅप आहे’ हे शब्द ऐकून घरी बसलेला कामगार आपल्या प्रत्येक गल्लीत सापडतो. त्याची भीती खोटी नसते, मात्र ती ज्या चित्रावर उभी असते त्या चित्राचा अर्थ बरेचदा चुकीचा लावलेला असतो. अमेरिकेत 1994 मध्ये कंबर न दुखणाऱ्या 98 लोकांची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा त्यांतील 52 टक्क्यांच्या किमान एका गादीला फुगवटा आढळला होता.

विश्रांतीच्या सल्ल्याला पहिला मोठा धक्का 1986 मध्ये बसला. अमेरिकेतील रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी 203 रुग्णांपैकी काहींना 2 दिवस आणि काहींना 7 दिवस पडून राहण्यास सांगितले. दोन्ही गटांच्या प्रकृतीत एकमेकांपेक्षा फरक आढळला नाही, पण 2 दिवसांच्या गटाचे कामाचे खाडे 45 टक्क्यांनी कमी झाले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडचे अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी असे मांडले की कंबरदुखीतून येणारे अपंगत्व मणक्याइतकेच भीती, सक्तीची निष्क्रियता आणि कामाच्या ठिकाणची परिस्थिती यांतूनही घडते. फिनलंडमध्ये 1995 साली हेलसिंकी शहराच्या 186 कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात विश्रांती, विशिष्ट व्यायाम आणि झेपेल तेवढे नेहमीचे व्यवहार यांची तुलना झाली, आणि नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर सावरले. अर्थात पायातील ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, अकारण वजन घटणे किंवा उंचावरून पडणे यांसोबत आलेली कंबरदुखी वेगळी असते आणि तिच्यासाठी तातडीने डॉक्टरकडेच गेले पाहिजे.

येथपर्यंतचा इतिहास वाचून ‘काम चालू ठेवा’ एवढाच निष्कर्ष काढला तर तो कष्टकऱ्यावर अन्याय ठरेल. कार्यालयात बसणाऱ्याचे नेहमीचे व्यवहार आणि भट्टीसमोर वितळलेले लोखंड ओतणाऱ्याचे नेहमीचे व्यवहार सारखे नसतात. हा फरक कॅनडातील क्वेबेक प्रांतात पॅट्रिक लॉइझेल यांनी गंभीरपणे घेतला. त्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शेरब्रुक प्रयोगात कामगार, पर्यवेक्षक, व्यवस्थापन व कामगार संघटनेचे प्रतिनिधी आणि कामाच्या रचनेचा तज्ज्ञ यांनी एकत्र येऊन त्या कामगाराचे प्रत्यक्ष काम पाहिले आणि त्यात बदल सुचवले. वैद्यकीय उपचारांना या बदलांची जोड मिळालेले कामगार नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत 2.4 पट वेगाने मूळ कामावर परतले, आणि या यशात सर्वांत मोठा वाटा कामाच्या ठिकाणी केलेल्या बदलांचा होता. नेदरलँड्समध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात दीर्घकाळ कंबर दुखणारे लोक साधारणपणे 88 दिवसांत कामावर टिकून राहण्याइतके परतले, तर नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांना 208 दिवस लागले. याउलट, वाकून कसे उचलावे याचे नुसते प्रशिक्षण किंवा कंबरेचा पट्टा यांनी कंबरदुखी टळते, याला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. आपल्या बाजारात मात्र पट्टेच सर्वांत सहज मिळतात.

आता सीमाभागाकडे वळू. बेळगाव 1 नोव्हेंबर 1956 रोजी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, आणि त्याचा एक कमी चर्चिला जाणारा परिणाम हमालांच्या वाट्याला आला. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यानंतर 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. त्याने मंडळे निर्माण केली, हमालांची नोंदणी केली आणि मालकांकडून लेव्ही (मजुरीवरील अधिभार) घेऊन मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व वैद्यकीय मदतीची व्यवस्था लावली. राज्यसीमेवरील कोगनोळी नाक्यापलीकडे कागलमध्ये तो कायदा लागू होतो, नाक्याच्या अलीकडच्या बाजूला निपाणीत होत नाही, जरी पोते तेच आणि पाठही तशीच असली तरी.

पोत्याच्या वजनाचाही स्वतंत्र इतिहास आहे. पूर्वी क्विंटलभराचे पोते पाठीवर घेणे ही रोजची गोष्ट होती, आज 50 किलोचे पोते सर्वत्र दिसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली होती. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1991 मध्ये सुधारलेल्या सूत्रात मात्र सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही 23 किलो हीच मर्यादा धरली. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 34 ने इजा होईल इतके जड ओझे उचलायला लावण्यास मनाई केली, पण ऊसतोडणीचा फड हा कारखाना नव्हे. तेथे मजुरी टनावर मिळते, हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडायची असते, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या जोडीतील एकाची कंबर आखडली तर दुसऱ्याचीही मजुरी बुडते. अशा ठिकाणी ‘आठवडाभर हलके काम कर’ या सल्ल्याला अर्थ येण्यासाठी हलके काम देणारा आणि त्याची मजुरी सोसणारा कोणीतरी असावा लागतो. ही जबाबदारी मुकादम आणि साखर कारखाना यांच्यामध्ये आजवर लोंबकळतच राहिली आहे.

फाउंड्री, यंत्रशाळा आणि मोठे कारखाने यांतील कामगारांची स्थिती काहीशी बरी आहे, कारण त्यांच्यातील अनेकांना 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचे संरक्षण मिळाले. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम देणारी ही तरतूद कित्येक घरांची चूल पेटती ठेवते, आणि तिचे मोल कमी लेखू नये. तिची रचना मात्र विश्रांतीच्या युगातील आहे. ज्या दिवशी कामगार काम करतो, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ त्याला मिळत नाही, त्यामुळे अर्धा दिवस हलके काम आणि उरलेल्या वेळेची भरपाई अशी सोय त्यात बसत नाही. ब्रिटनने 2010 मध्ये आजारपणाच्या दाखल्यात ‘बदल केल्यास कामास योग्य’ असा पर्याय आणला आणि कमी तास, टप्प्याटप्प्याने परतणे, कामात बदल किंवा जागेत सुधारणा यांची शिफारस डॉक्टरांना त्यातच करता येऊ लागली.

आपल्याकडे दाखला अजून योग्य किंवा अयोग्य एवढेच सांगतो. 1948 च्या त्याच कायद्याचे कलम 73 लाभाच्या काळात कामगाराला कामावरून काढू देत नसे, पण हे संरक्षण लाभासोबतच संपत असे. योग्यतेचा दाखला घेऊन तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच साच्यासमोर पूर्ण पाळीसाठी उभा राहतो. क्वेबेकच्या प्रयोगात तज्ज्ञ आणि पर्यवेक्षक एकत्र आले होते ते नेमके या परतीच्या टप्प्यासाठी. साच्याची मेज कमरेच्या उंचीवर आणणे, साखळीकप्पी किंवा ढकलगाडी देणे आणि पहिले दोन-तीन आठवडे जोडीदार देणे हे बदल उद्यमबागेतील लहान फाउंड्रीलाही परवडण्यासारखे आहेत. ते करून घेण्याचे काम मात्र आजच्या व्यवस्थेत ना विमा दवाखान्याकडे सोपवलेले आहे, ना कारखाना निरीक्षकाकडे.