श्रीमंत नवऱ्याच्या शोधातली मेरिलिन मन्रो: ‘मिलियनेअर’मधली आणि ‘ब्लॉन्ड्स’मधली

‘हाऊ टू मॅरी अ मिलियनेअर’ हा माझा फार आवडता चित्रपट. मात्र त्याचे नाव काढले की अनेकांना गुलाबी पोशाखात हिऱ्यांची महती गाणारी मेरिलिन मन्रो आठवते. ते गाणे ‘जेंटलमेन प्रिफर ब्लॉन्ड्स’मधले आहे. दोन्ही चित्रपट १९५३ चे, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे, दोन्हींत मन्रो आणि विषयही पैसेवाल्याशी लग्न करण्याचा, त्यामुळे असा गोंधळ होणे स्वाभाविकच आहे.

हॉवर्ड हॉक्स यांचा ‘ब्लॉन्ड्स’ हा संगीतपट असून त्यात लोरेलाय (मन्रो) आणि डोरोथी (जेन रसेल) या दोन नर्तिका जहाजाने पॅरिसला जातात. जाँ नेगुलेस्को यांच्या ‘मिलियनेअर’मध्ये गाणी गाणारी पात्रे नाहीत, पण सुरुवातीलाच अख्खा वाद्यवृंद सिनेमास्कोपचा रुंद पडदा भरून वाजवताना दिसतो. न्यूयॉर्कमधल्या तीन मॉडेल एका श्रीमंताचा आलिशान फ्लॅट भाड्याने घेतात आणि हातात पैसे उरेनासे झाले की त्याच घरातले फर्निचर एकेक करून विकतात.

खरा फरक आहे तो पैशाविषयीच्या भूमिकेत. लोरेलायला आपल्या इच्छेची जराही लाज नाही. तिला विरोध करणाऱ्या भावी सासऱ्याला ती सांगते की पुरुषाची श्रीमंती ही मुलीच्या रूपासारखी असते. केवळ रूपासाठी कोणी लग्न करणार नाही, पण रूप असले तर बरेच होते. या युक्तिवादाने सासरा चकित होतो आणि लग्न ठरते. याउलट ‘मिलियनेअर’मध्ये लॉरेन बकॉलची शॅट्झी धनिक हॅन्लीला ऐन लग्नाच्या वेळी नकार देऊन, ज्याला ती कफल्लक समजते त्या टॉमशी लग्न करते, आणि तोच पुढे गडगंज श्रीमंत निघतो. पैशाचा मोह सोडायला लावून मग पैसाच बक्षीस देणारा हा शेवट मला आजही सोयीस्कर वाटतो. त्यापुढे ‘ब्लॉन्ड्स’ अधिक प्रामाणिक आहे.

तरीही मी पुन्हा पाहतो तो ‘मिलियनेअर’च, आणि तोही मुख्यतः पोलासाठी. मन्रोच्या या पोलाला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही, पण चष्मेवाल्या मुलींकडे पुरुष बघत नाहीत या समजुतीपायी ती तो घालत नाही, भिंतींवर आदळत राहते आणि शेवटी चुकीच्या विमानात चढते. तिथे ती पुस्तक उलटे धरून वाचण्याचे नाटक करत असताना शेजारचा चष्मेवाला प्रवासी ते ओळखतो आणि तिला चष्मा घालायला लावतो. हा प्रवासी म्हणजे करखात्यापासून लपत फिरणारा त्या फ्लॅटचा मालकच. लोरेलाय पुरुषांना हवे तेव्हा भोळी बनून दाखवते, तर पोला खरोखरच गोंधळलेली आहे. एकाच वर्षात केलेल्या या दोन भूमिका लागोपाठ पाहिल्या की मन्रोची विनोदाची जाण किती बारीक होती ते कळते.