उष्णता नेमकी अडते कुठे?

मागच्या आठवड्यात एका मित्राने एक संदेश पाठवला आणि खाली विचारलं, 'हे खरं आहे का रे?' संदेशात दोन मुद्दे होते. पहिला, हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, एवढ्याशा वायूने पृथ्वी कशी तापेल? दुसरा, या वायूला जेवढी उष्णता शोषता येते तेवढी तो आधीच शोषतो आहे, मग तो आणखी वाढला तरी काय बिघडतं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कोरड्या हवेत ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन असतात. त्यांच्या रेणूत दोन सारखे अणू. जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता, म्हणजे अवरक्त किरण, त्यांच्यातून आरपार निघून जाते. ती अडवायचं काम पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन अशी मोजकी मंडळीच करतात. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये आणि जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये या वायूंवरचे पहिले प्रयोग केले. म्हणजे ही बातमी दीडशे वर्षांहून जुनी आहे.

दुसऱ्या मुद्द्याने मात्र एके काळी जाणत्यांनाही चकवलं होतं. स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये गणित मांडलं, की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. चार वर्षांनी क्नूट ऑंगस्ट्रॉम यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नळीत कार्बन डायऑक्साइड भरून त्यातून अवरक्त किरण सोडले आणि मग वायू कमी केला. शोषण जवळजवळ तेवढंच राहिलं! म्हणजे वायू आधीच पुरून उरतो आहे, असा अर्थ निघाला आणि पुढची कित्येक वर्षं बऱ्याच जणांनी हा विषय मिटला असं मानलं.

नळीतलं मोजमाप ठीकच होतं. पण वातावरण म्हणजे एकाच दाबाची नळी नव्हे. ते वर विरळ होत जातं आणि गारही होत जातं. सगळी गंमत या दोन गोष्टींत आहे.

जमिनीतून निघालेला १५ मायक्रॉन तरंगलांबीचा किरण घ्या. कार्बन डायऑक्साइडचा रेणू याच तरंगलांबीला कमानीसारखा वाकून थरथरतो, त्यामुळे किरण थोडं अंतर जातो न जातो तोच शोषला जातो. त्या रेणूची ऊर्जा शेजारच्या रेणूंना धडकून हवेत वाटली जाते. तापलेल्या हवेतले रेणू पुन्हा किरण सोडतात, काही वर, काही खाली. ते वरचा थर शोषतो, पुन्हा सोडतो. अशी हातोहात देवाणघेवाण करत उष्णता वर चढते. चढता चढता हवा इतकी विरळ होते, की एका उंचीवर सुटलेल्या किरणाला अडवायला वर पुरेसे रेणूच उरत नाहीत. तो थेट अंतराळात जातो. पृथ्वीची उष्णता खऱ्या अर्थाने सुटते ती या उंचीवरून.

सगळ्या तरंगलांबींची सरासरी काढली तर ही उंची सुमारे ५ किलोमीटर भरते. पृथ्वी सूर्याकडून दर चौरस मीटरला सरासरी २४० वॅट शोषते. तेवढेच परत टाकायचे तर सुटकेच्या थराचं तापमान उणे १८ अंश सेल्सिअस हवं. तिथून खाली उतरताना दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंश वाढतात. पाच किलोमीटरचे झाले ३३ अंश. उणे १८ मध्ये ३३ मिळवा, १५ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागाचं सरासरी तापमान! मी हे गणित पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

आता हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवा. खाली, जिथे तो आधीच भरपूर आहे, तिथे फारसं काही होत नाही. पण सुटकेचा थर वर सरकतो. वायू दुप्पट झाला तर साधारण दीडशे मीटर. वर म्हणजे जास्त गार, आणि गार वस्तू कमी उष्णता टाकते. येणारी उष्णता तेवढीच, जाणारी कमी. ही तूट भरून निघेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं. दीडशे मीटरचा हिशेब होतो सुमारे एक अंश. मग हवेत पाण्याची वाफ वाढते, दर अंशाला सुमारे ७ टक्के. वाफही उष्णता अडवते. बर्फ वितळून गडद समुद्र आणि जमीन उघडी पडते, ती ऊन जास्त शोषते. हे सगळं धरून दुपटीला सुमारे ३ अंश हा आजचा सर्वात चांगला अंदाज आहे. औद्योगिक युगाआधी दशलक्ष रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे २८० रेणू होते, आज ४२० च्या वर आहेत.

हे प्रत्यक्ष बघायलाही मिळतं. १९७० मध्ये सोडलेल्या निंबस-४ उपग्रहाने सहारा वाळवंटावरून जाताना पृथ्वीच्या उष्णतेचा वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती उष्णता बाहेर पडते याचा आलेख, नोंदवला. ज्या तरंगलांबींना वाट मोकळी आहे तिथे तापलेली वाळू दिसते, सुमारे ३२० केल्व्हिन, म्हणजे ४७ अंश सेल्सिअस. पण १५ मायक्रॉनभोवती आलेखात खोल खड्डा पडलाय. तिथे उपग्रहाला वाळू दिसतच नाही, दिसते उंचावरची २२० केल्व्हिनची, म्हणजे उणे ५३ अंशांची थंडगार हवा. खड्ड्याच्या तळाशी, बरोबर मधोमध, एक बारीकशी टोकदार उंची आहे. तिथे शोषण इतकं जोरदार असतं की किरण पार स्थितांबरातून, म्हणजे ढग-पावसाच्या थराच्याही वरच्या थरातून सुटतो, आणि स्थितांबरात वर जाल तशी हवा पुन्हा गरम होत जाते. वायू वाढला की खड्ड्याच्या दोन्ही कडा रुंदावतात.

याच यंत्रणेतून एक भाकीत निघतं. तापमानवाढ हरितगृह वायूंमुळे, म्हणजे या उष्णता अडवणाऱ्या वायूंमुळे असेल तर खालची हवा तापेल आणि स्थितांबर गार होईल. सूर्य प्रखर झाला असता तर दोन्ही तापले असते. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी हे १९६७ मध्ये गणिताने दाखवलं, आणि पुढे उपग्रहांच्या नोंदींत वरचं स्थितांबर गार होत गेलेलं आढळलं. मानाबे यांना २०२१ चं नोबेल मिळालं. उन्हाळा कडक झाला की ग्रहांच्या युतीचे संदेश फिरू लागतात. एका रांगेत आलेले ग्रह खालची हवा तापवून वरची गार कशी करतात, हे त्यांतला एकही सांगत नाही. लोकांच्या खऱ्या काळजीवर असा खोटा उतारा विकला जातो, याचा मला मनापासून राग येतो.

अडलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांच्या आसपास समुद्रात जाते. पाणी प्रसरण पावतं, बर्फ वितळतं, पातळी चढते. जास्त वाफ म्हणजे पडेल तेव्हा जास्त पाऊस. २०२४ चं सरासरी तापमान औद्योगिक युगाआधीच्या तुलनेत सुमारे दीड अंशाने जास्त होतं.

मग उपाय काय? हवेतून कार्बन शोषणाऱ्या यंत्रांचा गाजावाजा फार होतो. आइसलँडमध्ये २०२१ साली सुरू झालेल्या ऑर्का प्रकल्पाची क्षमता वर्षाला ४००० टन. जग इंधन जाळून आणि उद्योगांतून वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं. भागाकार केला तर ऑर्काची वर्षभराची मेहनत म्हणजे आपले साडेतीन सेकंद. संशोधन जरूर चालू राहावं, पण त्याच्या भरवशावर कोळसा जाळत राहणं परवडणारं नाही. खरा उपाय जाळणं थांबवण्याचाच, आणि तो आवाक्यात आलाय. सौर पॅनेलची किंमत २०१० नंतरच्या दशकात ९० टक्क्यांच्या आसपास उतरली. मिथेनच्या गळत्या बुजवल्या तर फायदा लवकर दिसेल, कारण मिथेन हवेत दहा-बारा वर्षंच टिकतो.

स्थितांबरात गंधकाचे कण फवारून ऊन अडवायचीही एक कल्पना आहे. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीने ते आपोआप केलं आणि पृथ्वी सुमारे अर्धा अंश गार झाली. पण ते कण दोन-तीन वर्षांत खाली आले. कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा मात्र शेकडो वर्षं हवेत राहतो. फवारणी कधी थांबली तर साचलेली सगळी तापमानवाढ थोड्या वर्षांत अंगावर येईल. शिवाय कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून पाण्याची आम्लता वाढवतो आणि शिंपल्या-प्रवाळांना कवच बांधणं अवघड करतो. ऊन अडवून ते थांबत नाही.