पट्ट्यांच्या वाद्यांसाठी ट्यूनर कसा निवडावा आणि कसा वापरावा : ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडून लाकडी किंवा धातूच्या पट्ट्या नेऊन घरी झायलोफोन, मारिंबा यांसारखी पट्ट्यांवर ठोकून वाजवायची वाद्ये बनवणारे ग्राहक आम्हाला दोन प्रश्न वारंवार विचारतात. पट्ट्या नेताना विचारतात की कमी किमतीचा कोणता ट्यूनर, म्हणजे वाजलेला स्वर ओळखून दाखवणारे यंत्र, घ्यावा, आणि थोड्या दिवसांनी विचारतात की घेतलेला ट्यूनर चुकीचा स्वर का दाखवतो. परत आलेला प्रत्येक ट्यूनर आम्ही तपासून पाहतो आणि बहुतेक वेळा त्यात कसलाही बिघाड सापडत नाही. मात्र तोवर एखादी चांगली पट्टी वाया गेलेली असते. हे पत्रक त्यासाठीच लिहिले आहे.

निवडीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ट्यूनर क्रोमॅटिक, म्हणजे बाराही स्वर ओळखणारा असावा, कारण केवळ गिटारसाठी बनवलेला ट्यूनर तिच्या तारांचेच स्वर शोधत राहतो. त्याला स्वतःचा मायक्रोफोन असावा. चिमट्याचा ट्यूनर कालिंबाच्या (अंगठ्यांनी वाजवायच्या छोट्या वाद्याच्या) पेटीवर उत्तम चालतो, पण सुट्या पट्टीला लावला की त्याच्या वजनाने स्वर उतरतो आणि नादही दबतो. पडद्यावर स्वराच्या नावासोबत हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांचा, आकडा दिसत असेल तर तोच ट्यूनर घ्यावा, आणि तो का हे पुढे येईलच. १ सेंटपर्यंतची, म्हणजे बारा स्वरांपैकी लगतच्या दोन स्वरांमधील अंतराच्या शंभराव्या भागापर्यंतची, अचूकता या कामाला पुरते. त्याहून बारीक मोजणारे महागडे ट्यूनर आम्ही मुद्दामच ठेवत नाही, कारण कानशीने घासून कोमट झालेल्या पट्टीचा स्वर थंड झाल्यावर थोडा चढतोच, आणि तिथे दशांश सेंटच्या मोजमापाला काही अर्थ उरत नाही. मोबाइलवरचे क्रोमॅटिक ट्यूनरही, हर्ट्झ दाखवत असतील तर, सुरुवातीला पुरेसे आहेत.

आता ज्या चुकीमुळे सर्वांचा वेळ जातो तिच्याविषयी. ट्यूनर मुख्यतः तारेच्या आणि फुंकीच्या वाद्यांसाठी बनवलेले असतात. तारेचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उठणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट असे ओळीने येतात, त्यामुळे ते मूळ स्वराला पूरकच ठरतात. पट्टीचे तसे नसते. सारख्या जाडीच्या आणि दोन्ही टोके मोकळी असलेल्या पट्टीचा पहिला उपस्वर मूळ स्वराच्या सुमारे २.७६ पट असतो आणि दुसरा सुमारे ५.४० पट. समजा, ३० सेंटिमीटर लांबीची एक पट्टी बरोबर ४४० हर्ट्झवर, म्हणजे ए किंवा पेटीच्या भाषेत पांढरी सहा या स्वरात वाजते आहे. ती हातात धरून टोकाजवळ कठीण काठीने ठोकली, तर ट्यूनर सुमारे १२१३ हर्ट्झचा उपस्वर पकडतो आणि पडद्यावर ‘डी शार्प, ४५ सेंट कमी’ असे दाखवतो. कान मूळ स्वर ऐकत असतो, तरी डोळ्यांना दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवून ग्राहक पट्टी चढवण्यासाठी टोक घासू लागतात. साधारण ४ मिलिमीटर घासल्यावर काटा मधोमध येतो खरा, पण तोवर पांढरी सहाची पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वरांतराने चढून दोन स्वरांच्या मध्ये जाऊन बसलेली असते.

यावरचा उपाय ट्यूनर बदलण्यात नसून पट्टी ठेवण्यात आणि ठोकण्यात आहे. दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्के अंतरावर पट्टी जवळजवळ स्थिर असते. ३० सेंटिमीटरच्या पट्टीत हे अंतर ६.७ सेंटिमीटर होते. या दोन जागी खाली मऊ स्पंजच्या पट्ट्या ठेवाव्यात. जागेची खात्री करायची असल्यास पट्टीवर चिमूटभर बारीक मीठ भुरभुरून मधोमध हलकेच ठोकत राहावे, म्हणजे मीठ सरकत सरकत या दोन रेषांवर गोळा होताना दिसते. त्यानंतर रबरी किंवा लोकर गुंडाळलेल्या मॅलेटने, म्हणजे गोल डोक्याच्या काठीने, पट्टीच्या अगदी मध्यावर ठोकावे, कारण पहिल्या उपस्वरासाठी तोच बिंदू स्थिर असतो आणि तिथे ठोकल्याने तो उपस्वर जवळजवळ उठतच नाही. ट्यूनर पट्टीच्या मध्याखाली, शक्य तितका जवळ ठेवावा. लाकडाचा नाद क्षणात विरतो, म्हणून जोराने एकदा ठोकण्यापेक्षा हलकेच पण पुन्हापुन्हा ठोकावे, आणि आघाताचा पहिला क्षण सोडून त्यानंतर स्थिरावणारा आकडा वाचावा. काटा दोन स्वरांमध्ये उड्या मारत असेल तर मोठ्या हर्ट्झला लहान हर्ट्झने भागून पाहावे, उत्तर २.७६ च्या आसपास आले की लहान आकडा खरा समजावा.

मारिंबा बनवणाऱ्यांना हा त्रास पुढे कमी होतो, हेही सांगायला हवे. पट्टीचा खालचा मधला भाग कोरत गेल्यावर मूळ स्वर उतरतो आणि उपस्वर चौपटीवर, म्हणजे बरोबर दोन सप्तके वर आणता येतो, मग ट्यूनरने तो पकडला तरी स्वराचे नाव तेच राहते. झायलोफोनमध्ये तो तिपटीवर आणतात, त्यामुळे तिथे सावधगिरी शेवटपर्यंत लागते. चामड्याच्या पडद्याच्या वाद्यांसाठी मात्र असा ट्यूनर घेण्याचा सल्ला आम्ही देत नाही, कारण साध्या पडद्याचा पहिलाच उपस्वर १.५९ पटीवर असतो आणि काटा क्वचितच स्थिर राहतो.

आमच्या पट्ट्या तंतोतंत स्वरात का नसतात, अशी तक्रार कधीकधी येते. त्या आम्ही जाणीवपूर्वक थोड्या लांब, म्हणजे किंचित उतरलेल्या देतो, कारण भोके पाडल्यावर आणि पॉलिश केल्यावर स्वर थोडाफार हलतो, आणि लांब पट्टी आखूड करता येते, आखूड पट्टी लांब करता येत नाही. घासलेली किंवा कापलेली पट्टी परत घेणे आम्हाला शक्य होत नाही तेही याच कारणाने, कारण ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडत नाही.

आमच्याकडे मिळणारा मायक्रोफोनचा ट्यूनर वर सांगितल्याप्रमाणे हर्ट्झ दाखवतो, आणि त्यासोबत मऊ मॅलेट व स्पंजच्या पट्ट्यांचा संच घेतल्यास मोजमापाची वेगळी तयारी करावी लागत नाही. ट्यूनर दुसरीकडून घेतला असला तरी पट्टी तपासून देण्याचे आम्ही काही आकारत नाही. शंका असल्यास पट्टी घासण्यापूर्वीच, आपला ट्यूनर आणि नेहमीची मॅलेट बरोबर घेऊन यावे, आणि पट्टीच्या खालच्या बाजूस तिची लांबी व पडद्यावर दिसलेले सर्व हर्ट्झचे आकडे पेन्सिलने लिहून आणावेत.